दिवाळीनंतरची ताटं

आई, मला भीती वाटते आहे. हे वाक्य मी तुला तू असताना कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू "मग परात घास, जाईल भीती," असं म्हणाली असतीस, आणि बहुतेक वेळा ती गेलीही असती. आज परात घासूनही जात नाही. दुपारची जेवणं उरकली आहेत, बायका मागे भांडी घासताहेत, दुसऱ्या पाळीची कणीक मळायला अजून अवकाश आहे, म्हणून ऑफिसचं दार लोटून तुला लिहायला बसले आहे.

तू लोणावळ्याला स्टेशनमागच्या दीड खोलीत रेल्वेच्या माणसांना जेवू घालायचीस. त्यांच्या पाळ्या वेळीअवेळी, त्यामुळे आपली चूल पूर्ण विझलेली मला आठवत नाही. मी बी. कॉम. झाले तेव्हा मी बँकेत लागावं अशी तुझी इच्छा होती. मी तुझ्याच धंद्यात शिरले, फक्त चूल मोठी केली. तळेगावजवळ, वराळ्याच्या पुढे एका कारखान्याचं कॅन्टीन मी चालवते. गाड्यांच्या दिव्यांवरची प्लॅस्टिकची झाकणं तिथे तयार होतात. तू पहिल्यांदा माझं स्वयंपाकघर बघायला आलीस तेव्हा एवढाली पातेली बघून एक शब्द बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी बाजारातून माझ्यासाठी बंद बूट घेऊन आलीस. "चपला घालून उकळत्या आमटीपाशी हुबी ऱ्हाऊ नको," एवढंच म्हणालीस. कौतुक करायची तुझी पद्धत तीच होती, हे कळायला मला फार वेळ लागला.

यंत्राची भीती मला कधी नव्हती. तुलाही नव्हती. मिक्सर आला तेव्हा शेजारच्या बायका वाटणाला चव नाही म्हणून नाकं मुरडत होत्या, आणि तू दसऱ्याला त्याला हळदकुंकू वाहिलंस, कारण पाट्यानं तुझं मनगट खाल्लं होतं. पण मिक्सर वाटायचा आणि गप्प बसायचा. आताचं यंत्र अंदाज करतं, सल्ला देतं, बोलतं. कृत्रिम बुद्धिमत्ता असं त्याचं छापील नाव आहे. आमच्याकडे सगळे नुसतं 'एआय' म्हणतात, कांदेबटाटे म्हणावेत तितक्या सहज. माझा फोन माझ्या दरपत्रकाचं इंग्रजी नीट करून देतो, आठवड्याच्या भाज्या लावून देतो, रक्ततपासणीचा कागद समजावून सांगतो. स्वयंपाकघराबाहेर, वाढतात तिथल्या भिंतीवर मी एक पडदा बसवून घेतला आहे. आज किती पोळ्या, किती भात, हे तो सकाळी सांगतो. सुरुवातीला मी हट्टानं त्याची चूक शोधत होते. मग तो गुरुवारी पोळ्या कमी सांगायला लागला. आमच्याकडचे बरेच कामगार गुरुवार धरतात आणि सुटल्यावर शिरगावला दर्शनाला जातात, हे त्याला कुणीही सांगितलेलं नव्हतं. त्याला शिरगाव माहीत नाही, साईबाबा माहीत नाहीत. पण गुरुवार माहीत झाला. अन्न फेकायचं थांबलं आणि मी खूश झाले. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुला वाटेल की कुणीतरी माझ्या घरात हे जबरदस्तीनं आणलं. मीच आणलं. चौकशी करून, घासाघीस करून आणलं.

गणपती उठल्यानंतरची गोष्ट. त्या दिवशी पिठलं-भाकरी आहे. कारखान्याचे मॅनेजर कोपऱ्यातल्या टेबलावर जेवताहेत आणि मला खूण करून बोलावतात. "मॅडम, बसा जरा." लोक जेवत असताना मी बसत नाही, हे त्यांना माहीत आहे; तरी बसा म्हणतात, म्हणून मी बसते. ते म्हणतात, "दिवाळीनंतर दुसऱ्या पाळीची ताटं निम्म्यावर धरा." मी विचारते, काम कमी झालं का? "छे, वाढलंय. तपासणीच्या लाईनला कॅमेरे येतायत. एआयवाले. एक चरा सुटत नाही त्यांच्या नजरेतून." मग ते हसतात. "कॅमेरे जेवत नाहीत, एवढाच तुमचा तोटा." माझं तोंड बघून ते हसायचे थांबतात. "कुणाला बोलू नका हं. वेळ आली की आम्हीच सांगणार आहोत. आणि माझ्याकडे असं बघू नका मॅडम, माझं तरी काय? दिवसभर अहवालच लिहितो मी. ते लिहायला आता माणूस कशाला हवा?" आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून ते ठेचा मागतात. माणूस वाईट नाही. माझ्या कंत्राटाचं नूतनीकरण त्याच हातात आहे, एवढं मात्र मी ठेचा वाढताना विसरले नाही.

तेव्हा मला तूच आठवलीस. मी शाळकरी आहे, घरी जेवायला येणाऱ्यांना आमटी वाढते आहे. एक गार्ड जेवता जेवता दुसऱ्याला सांगतो की अमक्याची भुसावळला बदली होणार. त्या अमक्याची मुलगी माझ्याच बाकावर बसते. मी तिला सांगते. मला वाटतं, मी तिचं भलं करते आहे. संध्याकाळी तिची आई आपल्या दारात उभी राहते. नवऱ्याला अजून कुणी काही कळवलेलंच नाही आणि घरात रडारड चालू आहे. ती गेल्यावर तू मला मारत नाहीस. माझ्या हातातलं आमटीचं भांडं काढून घेतेस. "जेवताना मानूस सैल आसतो. त्याच्या तोंडातनं सांडलं ते पुसायचं. उचलून दुसऱ्याच्या घरी न्ह्यायचं न्हाई." पुढे कितीतरी दिवस तू मला वाढू दिलं नाहीस. मी आत बसून लसूण सोलत राहिले आणि बाहेर माणसं बोलत राहिली. तेव्हापासून, आई, मी कुणाचं काही उचललेलं नाही. जेवणाऱ्यांच्या तोंडून मी लग्नं, भांडणं, आजारपणं, संप, सगळं आधी ऐकलं आणि पुसून टाकलं.

माझ्याकडची मुख्य स्वयंपाकीण माहेरची लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याची, इथे वराळ्यात दिलेली. तुझ्याशी तिचं पटलं नसतं, दोघींचेही आवाज ताट आपटल्यासारखे. तिची मुलगी त्याच तपासणीच्या लाईनवर. दिव्याखाली झाकण धरायचं, चरा दिसला की बाजूला टाकायचं. त्या आठवड्यात ती पोरगी आईबरोबर माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तळेगावच्या एका नर्सिंग कॉलेजात प्रतीक्षा यादीतून तिचं नाव लागलं होतं. शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं.

"ताई, हिला जरा सांगा," तिची आई म्हणाली. "कंपनी लय बरी. थंड हवा हाय, बसून काम हाय. दवाखान्यात काय, रातपाळ्या आन लोकांची घान."

"मी कुटं जाते म्हनले?" मुलगी म्हणाली. "सुपरवायझर सांगतोय, दिवाळीनंतर परमनंट करनार. नको म्हनूनच कळवनार हाय मी. फक्त मावशीला विचारावं म्हटलं."

"व्हय, विचार की. मावशी काय वेगळं सांगनार हाय?"

मी म्हणाले, "उद्या बोलू." माझ्यासारखी कडक बाई, जी भाजीवाल्याला एका वाक्यात गप्प करते, तिनं "उद्या बोलू" म्हणून पोरीला परत पाठवलं. सांगितलं तर विश्वास मोडतो, कंत्राट जातं, आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या बायका घरी बसतात. नाही सांगितलं तर ही पोरगी शनिवारी आपल्या हातानं जागा सोडते आणि दिवाळीनंतर तिच्याजवळ दोन्हीतलं काही उरत नाही.

मग मी फोनला विचारलं. हसू नकोस. घरात विचारायला कुणी उरलेलं नाही. मुलगा परदेशात आहे आणि घाईत असतो. फोन घाईत नसतो. माझी कोंडी आपल्याला समजते, असं तो म्हणाला. माझ्या नवऱ्याला माझी कुठलीच कोंडी कधी समजली नव्हती. मग त्यानं व्यवस्थित सांगितलं: गोपनीय गोष्ट उघड करू नका. न सांगताही दिशा दाखवता येईल. शिक्षण वाया जात नाही, रुग्णसेवेच्या कामाला मागणी राहते, असं सुचवा आणि शेवटचा निर्णय तिच्यावर सोपवा. मी पुन्हा वाचलं. चूक काढता येईना. आणि तिथे मी फोन पालथा ठेवला, कारण हे थेट माझंच बोलणं होतं. इतकी वर्षं मी बायकांना असंच समजावत आले. शहाणं, नेटकं, अंगाला काही लावून न घेता. मला वाटायचं हे मला अनुभवानं आलं आहे.

शुक्रवारी मी मुलीला मागे, गाडीतून भाजी उतरवतात तिथे, बोलावलं आणि ते सगळं म्हणून दाखवलं. शिक्षण कधी वाया जात नाही. नर्सच्या कामाला मागणी राहणार. शेवटी तुझं तू ठरव.

ती हसली. "मावशी, हे तर फोनपन सांगतो. मी विचारलं की त्याला. हेच म्हनला तो, असंच." मग तिचं हसू गेलं. "मला वाटलं तुमी निदान शिव्या तरी घालाल. म्हनून आले मी तुमच्याकडं."

आई, मी तेव्हा बोलले. म्हणाले, "दिवाळीनंतर तुमची लाईन राहत नाही. कॅमेरे येतायत. परमनंट कुणीच होणार नाही. जा आणि जागा पक्की कर."

ती भाजीच्या गाडीला टेकली. "कोन म्हनलं?"

"ते विचारू नकोस."

"आईला माहितेय?"

"नाही."

ती पायानं एक पडलेली मिरची ढकलत राहिली. मग म्हणाली, "आन बाकीच्या पोरी?"

मी कोथिंबिरीच्या जुड्या मोजायला लागले.

"मावशी, आमी सगळ्या एका डब्यात खातो चहाच्या सुट्टीत. त्यांना काय सांगू?"

आणि मी म्हणाले, "कुणाला बोलू नकोस. वेळ आली की तेच सांगतील." म्हणत असतानाच मला ऐकू आलं की हे मी म्हणत नाही. ठेचा मागणारा तो माणूस माझ्या तोंडातून बोलतो आहे. मी त्या पोरीला वाचवलं, आणि त्याच वाक्यात माझ्या छातीवरचा दगड तिच्या छातीवर ठेवला. ती "बरं" म्हणाली. आभार मानले नाहीत, आणि ते बरोबरच केलं.

तिनं प्रवेश घेतला. तिची आई माझ्याशी धड बोलत नाही. "ताई, तुमी माझ्या पोरीचं डोस्कं फिरवलं. हातातली परमनंट नोकरी घालवली," असं ती भर स्वयंपाकघरात म्हणाली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कामावरच्या बाईचं ऐकून घेतलं. उत्तर माझ्याजवळ होतं. मुलीनंही आईला ते सांगितलेलं नाही, मला वचन दिलं म्हणून. त्या घरात आता मायलेकींच्या मधे मी बसले आहे.

भीती कशाची, असं तू विचारशील. यंत्र चुकेल याची नाही. ते बरोबर आहे याची. कारखान्याच्या ऑफिसातून पुढचे आकडे भरले गेले, तसा भिंतीवरच्या पडद्यावर दिवाळीनंतरच्या ताटांचा पट्टा बुटका झाला. पोरींचं जे व्हायचं आहे ते त्यांच्या डोक्यावर भिंतीला लटकतं आहे आणि त्याच्याखालून त्या ताटं घेऊन जातात. मी तो भाग आता झाकून ठेवला आहे. आणि आणखी एक आहे. ताटं निम्मी झाली की स्वयंपाकघरात किती बायका लागतील, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. विचारलं तर तो सांगेल. बरोबर सांगेल. कधीतरी मी विचारीन, हे मला माहीत आहे. मग त्या दिवशी मीही कुणाला तरी म्हणेन, वेळ आली की सांगू.

मागच्या आठवड्यात दुसऱ्या पाळीच्या जेवणाला मी नेहमीसारखी भाताच्या भांड्यापाशी उभी होते. तपासणीच्या पोरी रांगेत आल्या. एकीनं विचारलं, "मावशी, ती का ओ गेली सोडून? भांडन झालं का कुनाशी?"

"तिला नर्स व्हायचं होतं," मी म्हणाले.

"येडीच हाय," मागची म्हणाली. "दिवाळीपतूर थांबली असती तर?"

सगळ्या हसल्या. पहिलीनं ताट पुढे केलं. "मावशी, परमनंटचे पेढे पयले तुमाला बरं का. आन तवा तरी जरा हसा." मी भात वाढला. तिनं आणखी मागितला, तोही वाढला. तिच्या बोटांना झाकणं पुसायच्या औषधाचा वास येत होता.

आई, हे पत्र पाठवायला जागा नाही आणि वाचून दाखवायला माणूस नाही. बाहेर परात मांडल्याचा आवाज आला, उठायला हवं. एक सांगायचं राहिलं. त्या दिवसापासून मी वाढायला उभी राहत नाही. इथे ऑफिसात बसते आणि किती ताटं गेली ते फोनवर बघते. गुडघा दुखतो, असं सगळ्यांना सांगितलं आहे. गुडघा दुखत नाही.