पहिल्या खेपेचं मोजायचं

आई, मी नर्स झालो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं तुला शांतपणे वाचता येईल. छातीवरच्या बिल्ल्यावर आता माझ्या नावापुढे आर.एन. अशी अक्षरं आहेत. इथे मिशिगनमध्ये त्यासाठी चार वर्षांची पदवी लागतेच असं नाही. कम्युनिटी कॉलेजात असोसिएट डिग्री करून लायसन्सची परीक्षा दिली तरी चालतं. तू गेलीस तेव्हा मी चौथीत होतो. पुढे आत्यानं बाबांना आणि मला इकडे बोलावून घेतलं आणि माझी दहावी अर्धवट सुटली ती सुटलीच. नोव्हाय नावाच्या इथल्या गावात एका किराणा दुकानात खोकी उचलली, बाहेरून शाळेची परीक्षा दिली, तेव्हा कुठे कॉलेजात पोचलो. आपल्या लोकांकडे जेवायला गेलो की एक काकू दर वेळी म्हणायच्या, "मुलगा असून नर्सिंग? अरे, सॉफ्टवेअर टेस्टिंगचा कोर्स कर, तीन महिन्यांत जॉब." बाबा म्हणायचे, "वहिनी, याची आई सिस्टर होती. घरचाच धंदा आहे." आणि स्वतःच मोठ्यांदा हसायचे.

नागपूरचं आपलं क्वार्टरमधलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. तू ड्यूटीला निघाली आहेस, पांढरी साडी, पायांत बूट घालता घालता मला सांगते आहेस की दूध तापवायचं, उतू जायच्या आत गॅस बंद करायचा, खालचं सिलिंडरचं बटणसुद्धा फिरवायचं. मग दारात थांबून, "आता तू सांग, मी काय सांगितलं?" मी म्हणतो, "दूध तापवायचं." "आणि?" मी म्हणतो, "गॅस." तू पुन्हा सगळं सांगतेस आणि पुन्हा विचारतेस. शेजारच्या मावशी कपडे वाळत घालताना ओरडतात, "काय सिस्टर, पोट्ट्याची परीक्षा घेऊन राहिल्या का?" मला लाज वाटते. एकदा मी चिडून म्हटलं, "समजलं गं मला!" तर तू बूट काढून परत आत आलीस. म्हणालीस, "समजलं का असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. वॉर्डात रोज ऐकते मी ते हो. लाजेचं असतं. तू मला ते म्हणू नकोस." त्या दिवशी तुला उशीर झाला असणार. मला फक्त राग आला होता.

आता इथलं सांगतो. आमच्या नर्सिंग प्रोग्रॅमला मान्यता देणारी मंडळी ठरावीक वर्षांनी पाहणीला येतात. शिकून बाहेर पडणाऱ्याला काय यायला हवं हे तुम्ही ठरवलंय का, आणि ते त्याला येतं हे कशावरून म्हणता, एवढंच ते विचारतात. एवढंच, पण तेच अवघड. मागच्या खेपेला त्यांनी ताशेरा मारला होता की उद्दिष्टं सुंदर लिहिली आहेत, मोजत मात्र कुणी नाही. मी शिकत असताना पुढची पाहणी होती; तोच ताशेरा पुन्हा आला असता तर मान्यता जाण्याची वेळ होती, आणि मान्यता नसलेल्या प्रोग्रॅमच्या डिग्रीला इथली हॉस्पिटलं विचारत नाहीत. माझी झोप उडाली होती. आधीच एक शिक्षण अर्धं टाकून आलेला माणूस मी. त्यात वर्गातलं दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून विद्यार्थ्यांतर्फे कमिटीवर मलाच बसवलं.

एक उद्दिष्ट होतं की विद्यार्थी रुग्णाला घरी गेल्यावरची काळजी समजावून देईल. ते लेखी पेपरातून मोजायचे. आमच्या डायरेक्टर बाई, पिकल्या केसांच्या, म्हणाल्या, "पेपरात सगळे पास. मग तेच पेशंट आठवड्यात परत का येतात?" त्यांनी सुचवलं की विद्यार्थ्याचं सांगून झालं की शिक्षिकेनं आत जाऊन पेशंटलाच विचारावं, तुम्हाला काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा. आई, मी खुर्चीत ताठ झालो. नागपूरच्या दारातला तुझा प्रश्न इथे चौथ्या क्रमांकाचं मोजमाप म्हणून फळ्यावर लिहिला जात होता, आणि तो लिहिणाऱ्या बाईंना तुझा पत्ताही नव्हता.

मग किती जणांना जमलं तर ठीक म्हणायचं, यावर वाद. हॉस्पिटलच्या वॉर्डात आम्हाला शिकवणाऱ्या शिक्षिका म्हणाल्या, "दहात सहा ठेवू या. पाहणी तोंडावर आलीय, आपल्याच पायावर धोंडा कशाला?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पेपरात मी चोख होतो, पण पेशंटसमोर माझी जीभ टाळूला चिकटायची. सहा म्हणणं माझ्या सोयीचं होतं. मी म्हटलं, "आठ." शिक्षिका हसल्या, "ओके, मग पहिली टेस्ट तुझीच." बाई म्हणाल्या, "आणि पहिल्या खेपेचंच मोजायचं."

माझा पेशंट मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, हृदयाचा. मी त्याला मीठ, पाणी, गोळ्या, रोजचं वजन, सगळं एका दमात सांगितलं आणि विचारलं, "समजलं ना?" तो म्हणाला, "एकदम, यंग मॅन." शिक्षिका आत गेल्या. मी दाराशी ऐकत होतो. "भला पोरगा आहे," तो म्हणाला. "मिठाचं काहीतरी बोलला. वजन रोज करायचं... का आठवड्याला? माझ्या बायकोला विचारा." "ती इथे होती का?" "नाही." शिक्षिकांनी त्याला सगळं पुन्हा नीट सांगितलं आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "तू चुकीचं काही सांगितलं नाहीस. फक्त त्याच्यापर्यंत पोचलं नाही." पुढच्या सत्रात मी स्कूल बस चालवणाऱ्या एका आजींजवळ खुर्ची ओढून बसलो. थोडं थोडं सांगितलं आणि विचारलं, "संध्याकाळी मुलगी न्यायला येईल, तिला काय सांगाल?" त्या म्हणाल्या, "लघवीची गोळी झोपताना." मी म्हटलं, "ती सकाळी घ्यायची, नाहीतर सारी रात्र बाथरूममध्ये." "हे आधी सांगायचंस ना, हनी!" मग त्यांनी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं म्हणून दाखवलं.

वर्षाच्या शेवटी आकडा आठाच्या खाली राहिला. शिक्षिका म्हणाल्या, "दुसऱ्या खेपेचे धरले तर वर जातो." बाई म्हणाल्या, "पेशंटला घरी जायला एकच खेप असते." अहवालात त्यांनी स्वच्छ लिहिलं की अपेक्षित पातळी गाठली नाही, आणि खाली, हे यापुढे पहिल्या सत्रापासून शिकवणार. पाहणीच्या दिवशी मला आत बोलावलं. एका गृहस्थांनी विचारलं, "तुमच्या प्रोग्रॅमनं स्वतःलाच नापास केलंय. तुम्हाला कसं वाटतं?" मी म्हटलं, "बरं वाटतं, सर. आधी आम्ही पास होतो, पण पेशंटला कुणी विचारलंच नव्हतं." मान्यता राहिली, आणि जुना ताशेरा गेला. आता नव्या मुलामुलींना पहिल्याच महिन्यात सांगतात की समजलं का असं विचारू नका. हे मी त्यांना दिलेलं नाही गं. त्यांचं त्यांनाच सापडलं, आणि म्हणूनच मला तुझा जास्त अभिमान वाटतो; तू म्हणायचीस ते आपल्या घरापुरतं खरं नव्हतं.

हा कागद पाठवायचा नाहीच, बाबांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवायचा आहे. कारण आठ गाठू न शकलेल्या त्या आकड्यात मीही आहे, आणि बाबांना मी फक्त बसवाल्या आजींची गोष्ट सांगितली. त्यांनी ती काकूंना "पोरानं पहिल्या झटक्यात केलं" अशी सांगूनही टाकली. तेव्हा त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी मध्ये बोललो नाही. तुला मात्र पहिली खेप आधी सांगितली.