चांदी पाणी प्यायली का

१२ जाने., सोम.
स. सहाला गोठ्यात कोल्हा. कडी माझीच लावायची राहिली होती. दुसऱ्याला दोष द्यायची सोय नाही. भुरीचं करडू गेलं. चांदी घाबरून काटेरी कुंपणातून बाहेर पडली, बाकीच्या पाच बकऱ्या कोपऱ्यात.
मी काठी घेऊन गेलो तर कोल्हा पळाला नाही. दारात उभा राहून बघत बसला. खाडीकाठी जन्म गेला, आजवर कोल्ह्याची शेपटीच बघितली, तोंड नाही. काठी बसली तेव्हा सावकाश बांधावरून तिवरांच्या झाडीत शिरला. ते काही बरं वाटलं नाही. मग चांदीला शोधून आणलं.
सातला ओवी आली, रोजच्यासारखी. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची, चार वर्षांची. चांदीची धार थेट तोंडात घेते. आई उकळल्याशिवाय दूध देत नाही, म्हणून हे आमच्या दोघांतलं. आज चांदीच्या गळ्यात पडली आणि हात लाल झाला. चांदीला कुंपणाचा काटा लागला असणार. माझ्या पंच्याला हात पुसला, म्हटलं आईला सांगू नको हां.

१३ जाने.
कोल्हा मेला. कंटेनर यार्डाच्या भिंतीकडेला सापडला. शेजारच्या बाळारामने खात्री म्हणून त्याच्या डोक्यात धोंडा घातला होता. मेलेल्याची कसली खात्री? फॉरेस्टचा गार्ड येऊन गोणीत भरून घेऊन गेला. डोकं बघून त्याचा चेहरा उतरला. तपासणी मेंदूची असते म्हणाला.
बाळारामला आता कोंबडीच्या आतड्यांत औषध घालून बांधावर टाकायचंय. त्याच्या चार बकऱ्या. गार्डने सांगितलं, आत जाशील. मीही नको म्हटलं. तर मलाच, "करडू तुझा गेला नि तू त्यांचीच बाजू घेतोस?" बाजू कसली. औषध कोल्हाच खाईल हे कोणी सांगितलं?
दु. गुरांचे डॉ. आले. चांदीच्या मानेवरचे केस कापले. खाली दोन भोकं. काटा नव्हे, दात. पिसाळलेला असू शकतो म्हणाले. चांदीला इं. सुरू. ती वेगळी बांधायची, दूध ओतून द्यायचं, रोज तीन गोष्टी बघायच्या: खाणं, पाणी, आवाज. निदान दोन महिने.
जखमेला कोणी हात लावला, कच्चं दूध कोण प्यायलं, असं विचारलं. म्हटलं मी आणि ही. दोघांना आजच सरकारी दवाखान्यात पहिलं इं.
"अजून कोणी?"
"नाही."
किती पटकन आलं तोंडातून.

१४ जाने.
खा. ठीक. पा. ठीक. आ. ठीक. (रबाळ्याच्या कंपनीत टाइम ऑफिसला होतो, तेव्हापासून असं लिहायची सवय.)
संक्रांत. ओवीची आई स्नेहल तिळगूळ घेऊन खाली आली, ओवी काठापदराच्या परकरात. स्नेहलने करडाची चौकशी केली, वाईट वाटलं म्हणाली. मी तिळगूळ घेतला, खाल्ला, गोड बोललो. सांगायचं तेवढं राहिलं.
ओवीने चांदीला आंब्याखाली का बांधलं विचारलं. म्हटलं बरं नाही तिला. जाताना जिन्यावरून माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. तरी बोललो नाही. काय सांगणार, तुमच्या पोरीला मी लपवायला शिकवलं?

१५ जाने.
खा. पा. आ. ठीक.
रात्रभर झोप नाही. सकाळी हिला गोठ्यात दोरीच्या भेंडोळ्यामागे कोंबलेला पंचा सापडला. मी धुवायला टाकला नव्हता. इवल्या बोटांचे डाग बघून ही खालीच बसली.
"ओवी आलती ना त्या दिशी?"
मी मान हलवली.
"तुमी सांगताव का मी सांगू?"
वर गेलो. स्नेहल डबा भरत होती. उभ्यानेच सगळं सांगितलं. हात, दूध, पंचा, डॉक्टरला नाही म्हटलं तेही. वाटलं होतं ओरडेल. तिने गॅस बंद केला आणि ओवीच्या चपला शोधायला लागली. नवरा बंदरावर ड्यूटीला, फोन लागेना. रिक्षात मी पुढे बसलो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.
दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, हात लाल झाल्यावर तोंडात घातला होता का, बोटं चाटली का? त्यावर पुढचं ठरणार होतं. मला माहीत नाही. मी तेव्हा भांडं उचलत होतो. ओवीला विचारलं तर तोंड घट्ट मिटून बसली. आईने विचारलं, बाईंनी चॉकलेट दाखवलं, नाही. सारखी माझ्याकडे बघत होती.
मग हळूच म्हणाली, "आजोबा, सांगू?"
"सांग, बाळा. सगळं सांग."
"दूध सांडलं होतं ना हातावर. ते चाटलं. मग तुम्ही पुसलं." आणि लगेच, "मी कोणालाच नव्हतं सांगितलं."
शाबासकीसाठी माझ्याकडे बघत होती. एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.
बाईंनी आधी मला झापलं, तीन दिवस काय करत होतात म्हणून. वेळ गेलेली नाही म्हणाल्या. मोठं इं. आणि लसीच्या पाचांतलं पहिलं, दोन्ही आजच. ओवी रडली तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात गेलो.

१८ जाने.
खा. पा. ठीक. आवाज थोडा घोगरा वाटला. डॉ.ना फोन. थंडीनेही होतो, लक्ष ठेवा म्हणाले.
ओवीचं दुसरं. तिचे आईवडील घेऊन गेले. मला कोणी बोलावलं नाही, आणि का बोलवावं?

२२ जाने.
खा. पा. आ. ठीक. आवाज सुटला.
गार्ड परत आला. म्हणाला कोल्हे तुमच्याकडे येत नाहीत, तुम्ही बोलावता. चिकनवाल्यांचा कचरा रोज बांधावर पडतो, त्याला चटावलेत. खरं आहे. आम्हीच सगळे नाक दाबून तिथून जातो. गोठ्याला जाळी लावा, खाली हातभर पुरा, दाराला दोन कड्या.
दुपारभर मी आणि बाळाराम जाळी ठोकत होतो. आधी माझी, मग त्याची. चिकनवाल्यांशी तोच भांडून आला. औषधाची पुडी कुठे आहे विचारलं. हातोडी थांबवून म्हणाला, "गाडली. ओवी पन हिंडते ना बांधावर."
ओवीचं तिसरं. खाली येत नाही. सातला माझी नजर जिन्याकडे जाते.

२९ जाने.
खा. पा. आ. ठीक.
रिपोर्ट आला. म्हणजे आला नाहीच. डोकं फुटलेलं असल्याने नमुना तपासता आला नाही. पिसाळलेला होता की नव्हता, आता कधीच कळणार नाही. बाळारामलाही सांगितलं. त्याला काय बोलू? त्याने धोंडा घातला, मी तोंड बंद ठेवलं.
डॉ. म्हणाले, आता चांदी काय सांगते तेच. वर जाऊन स्नेहलला शब्दन् शब्द सांगितलं. ऐकून घेतलं, दार लावलं.
संध्याकाळी तिचा नवरा भेटला. करंजाड्याला फ्लॅट बघतायत.

५ फेब्रु.
खा. पा. आ. ठीक. एवढंच लिहायला रोज वही उघडतो.
स्नेहल ऑफिसला निघताना गेटपाशी थांबते. विचारत नाही. मीच सांगतो, ठीक आहे. ती मान हलवते आणि जाते.

१२ फेब्रु., गुरु.
ओवीचं पाचवं आज, अकराला.
सकाळी चांदीने पाला खाल्ला, अर्धा. एकदा ओरडली, आवाज नेहमीचा. बादली पुढे केली तर हुंगलं आणि तोंड फिरवलं. बादली बदलली, पाणी बदललं. पुन्हा तेच. भुरी वगैरे सगळ्या प्यायल्या. थंडी आहे म्हणावं तर त्यांनाही आहेच. डॉ.चा फोन लागत नाही.
तेवढ्यात जिन्यावर पावलं. स्नेहल, आणि महिन्याने पहिल्यांदा ओवी. दोघी आंब्यापासून चार हात लांब थांबल्या. ओवीने चांदीला हाक मारली, चांदीने कान टवकारले.
स्नेहलने आज विचारलं, "काका, पाणी प्यायली?"
हो म्हणावंसं वाटलं. दवाखान्याच्या दिवशी निदान आज तरी. शब्द ओठांपर्यंत आला होता.
"नाही," म्हटलं. "अजून नाही."
वाटलं पोरीला उचलून वर जाईल. गेली नाही. घड्याळ बघितलं, पायरीवर बसली, ओवीला मांडीत घेतलं. हिने दोघींना चहा-दूध आणून दिलं, उकळलेलं. मी बादलीपाशी उकिडवा.
तिथेच बसून लिहितोय. साडेनऊ झाले.
खा. अर्धं. आ. ठीक. पा.