पाखरं ज्याला भीत नव्हती

११ एप्रिल, शनिवार
मिळाला! शिक्रा. सावली गावाच्या पुढे, तलावामागच्या जंगलात, मोहाच्या वाळक्या फांदीवर. एकटीच होते. पंधरा पावलांवर गेले तरी उडाला नाही. लाल डोळे थेट माझ्यावर. आठ वर्षं फोटो काढतेय — शिकारी पक्षी इतका जवळ कधीच नाही!

१२ एप्रिल
आज लालसूभाऊंना घेऊन गेले. ह्या जंगलात जन्म गेलाय त्यांचा. नवीन काही दिसलं की आधी त्यांनाच दाखवते. तोच पक्षी. तीच फांदी. मी डावीकडे सरकले — मान वळली. उजवीकडे — पुन्हा वळली. तेवढ्यात दोन बुलबुल येऊन त्याच्या शेजारी बसले. शिक्र्याच्या शेजारी! त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. अंगावर काटा आला.
लालसूभाऊंनी एकदा वर पाहिलं आणि मागे जाऊन गाडीपाशी थांबले.
"ज्याले पाखरं भेत नाई, त्याचे फोटो काढू नोका, मॅडम."
का, विचारलं. ते गाडीत जाऊन बसले.

१३ एप्रिल
शाळेआधी गेले. बसलेलाच. चोच उघडी, आवाज नाही. फोटो पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकला. सगळे म्हणतात — काय शांत पक्षी!
मला शांत वाटत नाही. वर्गात पाठ फिरवून फळ्यावर लिहितानाही कोणी बघतंय असं वाटत होतं.

१४ एप्रिल
जयंती. विहारात शेजारी बसलेल्या अंजनाबाईंना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला.
"बाई, ह्याच्या पायाले काय गुंडाललं हाय?"
मोठा करून पाहिला. मासे धरायचा तंगूस, नायलॉनचा बारीक दोरा. पायाला आणि फांदीला, दोन-तीन वेढे. बसला नव्हता तो — अडकला होता! चार दिवस. आणि मी डोळेच टिपत होते.
मिरवणूक सोडून, पांढऱ्या साडीतच निघाले. वाटेत लालसूभाऊंना घेतलं. त्यांनी चढून विळ्याने तंगूस कापला. हातात घेतला तर पिसांखाली काहीच नाही, नुसती हाडं. चोचीत पाण्याचा थेंब सोडला. एकदा गिळला. मग माझ्याकडे बघत बघतच हातात प्राण सोडला.

१५ एप्रिल
लालसूभाऊंच्या घरी गेले. म्हटलं, तुम्हाला रविवारीच दिसला होता ना तंगूस? मग बोलला का नाहीत?
"मले वाटलं, तुम्हीच बांधला. फोटोसाठी."