ओढ्यावरचा बर्फ

आई, गेल्या महिन्यात मी बर्फात चालायला शिकले. आमच्या सांता क्लारात बर्फ पडत नाही, पण चार-पाच तास ड्राइव्ह केलं की सिएराचे डोंगर लागतात आणि तिथे एप्रिल संपत आला तरी बर्फ असतो. दोन दिवसांचा कोर्स होता. मी तो बुक केला तेव्हा नवरा म्हणाला, बेचाळिसाव्या वर्षी हे काय नवीन? मी म्हटलं, माझी आई बत्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा जंगलात गेली, ती थेट वनरक्षक म्हणूनच.

बाबा गेल्यावर त्यांच्या जागी तुला अनुकंपावर नोकरी लागली, एवढं माझ्या मुलीला ठाऊक आहे. पण तू पहिल्यांदा खाकी शर्ट-पँट घालून निघालीस तेव्हा शेजारच्यांनी पाहू नये म्हणून मी दार ओढून घेतलं होतं, हे मी तिला सांगितलेलं नाही. विहारातल्या बायका तुला विचारायच्या, जंगलात भीती नाही वाटत? वाटते, म्हणायचीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचीस. तुझ्या हद्दीच्या जंगलातल्या, म्हणजे बीटवरच्या म्हाताऱ्या गोंड चौकीदाराकडून तू माग ओळखायला शिकलीस आणि शिकलेलं सगळं संध्याकाळी स्वयंपाकघरात मला दाखवलंस. परातीत पीठ पसरून तू बोटांनी ठसे काढायचीस. हे सांबर, हे रानकुत्रं, हे अस्वल. अस्वलाचं मागचं पाऊल माणसासारखं, फक्त पुढे नखांचे ठिपके. मग त्याच पिठाच्या पोळ्या व्हायच्या.

मी अकरा वर्षांची असताना एका रविवारी तू मला बीटवर नेलंस. वाटेवरच्या धुळीत अस्वलाचा ताजा माग होता. मला तो तुझ्याआधी ओळखता आला म्हणून मी खुशीत मान खाली घालून त्याच्यामागे निघाले. तू वेणी धरून मला मागे खेचलंस.

"खालीच पाहत राहिली तं समोरचं कोण पाहीन?"

परत येईपर्यंत तू माझी वेणी सोडली नाहीस.

इथे आम्ही पाच जण शिकायला होतो. शिकवणाऱ्या बाई साठीच्या, बारीक आणि कमी बोलणाऱ्या. पहिला दिवस पडण्यात गेला. उतारावर मुद्दाम घसरायचं, मग पालथं होऊन हातातल्या आइस अ‍ॅक्सचं, म्हणजे बर्फकुऱ्हाडीचं, टोक छातीखाली बर्फात रुतवायचं आणि थांबायचं. मी सहा वेळा थांबले नाही, सरळ खालच्या सपाटीपर्यंत गेले. सातव्यांदा थांबले. खांदे इतके दुखत होते की जेवताना चमचा उचलवेना. बाईंनी जेवताना सांगितलं, या दिवसांत बर्फ वरून घट्ट दिसतो, पण खालून ओढे वाहायला लागलेले असतात. मी जिथे पाऊल टाकेन तिथेच टाका.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो, कारण ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो. एका खडकापाशी मुंगसासारखा लांबडा, वीतभराचा प्राणी दिसला, पाठ तपकिरी झालेली आणि पोट अजून पांढरं. बाई म्हणाल्या, तो हिवाळ्याचे पांढरे केस टाकतोय. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिलो. तेवढ्यात मला डावीकडे बर्फात ठसे दिसले. मोठे, पसरट, मागचं पाऊल माणसासारखं. शेजारी त्याचीच लहान आवृत्ती होती, आणि दोन्हींच्या कडा अजून धारदार होत्या.

मी चार पावलं तिकडे जाते. पाचव्या पावलाला पायाखाली काहीच नसतं. उजवा पाय मांडीपर्यंत आत गेलाय आणि बुटात थंडगार पाणी शिरतंय. खाली ओढ्याचा आवाज येतोय. मी अ‍ॅक्स समोरच्या बर्फात मारते आणि धरून राहते. बाई आडव्या होऊन सरपटत येतात, माझ्या सॅकचा पट्टा धरतात आणि मला हळूहळू मागे ओढतात. रागावत नाहीत. ओला मोजा काढायला लावून स्वतःचा कोरडा देतात.

मी मोजा घालत असताना कुणीतरी हळूच बोट दाखवलं. समोरच्या उतारावरून अस्वलीण चालली होती, मागे एक पिल्लू. पिल्लू घसरलं, बसल्या बसल्या दहा-बारा हात खाली गेलं आणि उठून पुन्हा वर चढायला लागलं. ती वरच थांबून राहिली. दोघं झाडीत जाईपर्यंत आम्ही हललो नाही.

परतताना बाईंनी विचारलं, ओळ सोडून तिकडे कशी गेलीस? मी सांगितलं, तोल गेला. घरीही तेच सांगितलं. तुला जाऊन सतरा वर्षं झाली आणि हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तोल गेला नव्हता. आईबरोबर पिल्लू आहे, ती जवळपासच आहे, हे मला त्या ठशांवरून कळलं होतं. बाईंनी बजावलेलंही आठवत होतं. तरी मी गेले, कारण बाकीच्यांच्या आधी मला ती दिसायला हवी होती.

तू असतीस तर तुलाही मी तोल गेला असंच सांगितलं असतं.