धूळमुक्त खरबूज

५ जानेवारी, सकाळी
खरबुजाची रोपं लागली. जाळीचं घर असं पॅक केलंय की वाऱ्यानेसुद्धा विचारून आत यावं. जमीन आणि हे जाळीचं घर सासऱ्यांचं, म्हणजे आता बायकोचं. तिने मला एक हंगाम दिलाय. जमलं नाही तर तिच्या धाकट्या भावाला कसायला देणार. सांगताना हसत होती. मीही हसलो.
शेतीसाठी शेतकऱ्याच्याच पोटी जन्मावं लागतं, हा गैरसमज. लागते ती शिस्त. औषध कारखान्याच्या निर्जंतुक विभागात उभा जन्म गेला माझा. माझ्या दारातून धुळीचा कण आत गेला नाही.

१४ जानेवारी
नियम लागू. चपला बाहेर, हात धुऊन आत, दारं दोन. परवा बायको चिखलाच्या पायांनी आली, परत पाठवली. बापाच्या शेतात पाय धुऊन जायचं का, म्हणाली. तेव्हापासून फिरकली नाही. तिचा दोष नाही, बॅकग्राउंडच तसं.

२ फेब्रुवारी
फुलं! पिवळीधमक. आज एक मधमाशी शिरली होती. डबीत धरून बाहेर सोडली आणि दाराला नवीन रबरपट्टी लावली. आता चिंता नाही.

९ फेब्रुवारी
बायको म्हणते, सकाळचं दार उघडं ठेवा, बाबा ठेवायचे. का ठेवायचे, विचारलं. तर म्हणे, ठेवायचे. याला काय रिझनिंग म्हणायचं?

१८ फेब्रुवारी
फुलं गळतायत. फळ एकही नाही. बियाणंच बोगस. उद्या दुकानदाराला झापणे.

१९ फेब्रुवारी
दुकानदार म्हणाला, हेच बियाणं नेलेल्या बाकी सगळ्यांना फळ धरलंय. उर्मट माणूस. खताचा डोस वाढवला.

४ मार्च
वेल छपराला टेकले. पानं तर पाहत राहावीत अशी. पानांना मार्केट असतं का, चौकशी करणे.

६ मार्च, दुपारी
मेहुणा आला, बायकोलाही सोबत घेऊन. पाय धुऊन आत आला, चांगला मुलगा आहे. बराच वेळ पानं उलटीपालटी करत होता. मग हळूच विचारलं, "भाऊजी, इथे मधमाशी येते कुठून?"
मी अभिमानाने म्हणालो, "कुठूनच नाही."
त्याने बहिणीकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. मग त्याने समजावलं. नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, पराग नेणार माशी. बायको म्हणाली, लग्न ठरवायचं आणि मध्यस्थाला दारातूनच हाकलायचं. दोघं पोटभर हसली. मला हसू येईना.

७ मार्च
दोन्ही दारं सताड उघडी. एकही माशी नाही. गरज असते तेव्हा कोणी येत नाही. ब्रशने स्वतःच पराग लावतोय. काम अवघड नाही, फक्त मादी फूल ओळखू येत नाही.

२० मार्च
लिंबाएवढी तीन फळं. दोन पिवळी पडून गळाली. वेल थकलेत, मेहुणा म्हणतो. तिसऱ्याला सावली केली, रोज दोनदा बघतो. बायको आता नियमांवर बोलत नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

२ एप्रिल
तिसरंही गेलं.
संध्याकाळी बायको शेजारी बसली. जमीन भावाला देते, म्हणाली. आवाज चढवला नाही, माझ्या ताटात वाढत वाढत बोलली. भांडायची तयारी केली होती, सगळे मुद्दे पाठ होते. एकही आठवला नाही.
रात्री मेहुण्याचा फोन. म्हणाला, "भाऊजी, घरी करमणार नाही तुम्हाला. रोज येत जा शेतावर. फक्त कशाला हात लावू नका."
बरं म्हणालो.