मिस्ड कॉलचा अर्थ

प्रिय आई,
श्रीरामपूरच्या आपल्या घरी सर्वांना सलाम.

मी मजेत आहे. इथे अकोले तालुक्यात थंडी फार, पण तुझी गोधडी पुरते. बाबांचा खोकला थांबला का?

आज वर्गात मुलांना एका नर्सचं चरित्र इंग्रजीतून वाचून दाखवलं. ‘शी मिस्ड हर मदर’ म्हणजे काय, असं मी विचारलं.

सारिका म्हणाली, “मॅडम, तिनं आईला मिस्ड कॉल दिला!”

मागून कुणीतरी म्हणालं, “बॅलन्स नसंल!”

सगळे हसले, मीही हसले. मग ‘तिला आईची फार आठवण आली’ हा अर्थ मी फळ्यावर लिहिला.

तू रोज संध्याकाळी मला मिस्ड कॉल देतेस. आई, सारिकाचं फारसं चुकलं नव्हतं.

तुझीच,
दीना