सवाष्णीचं ताट

प्रिय अक्का,

जिवंतपणी तुला, थोरल्या जावेला, कायम 'तुम्ही' म्हटलं. आज भांडायचं आहे, म्हणून 'तू' म्हणते. काल हकीमसाहेबांनी मला पथ्य सांगितलं आणि तुझा इतका हेवा वाटला, की कागद घेऊनच बसले.

माझ्या लघवीला मुंग्या लागतात. पायाची जखम तीन महिने भरत नाही. हकीम म्हणाले, गोड बंद, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ताक. जखम भरली की रोज पायी चालायचं. म्हणजे तुझंच जेवण की गं! विधवा म्हणून बावीस वर्षं तुझ्यापुढं वाढलं तेच.

माझे धनी तहसिलीत पेशकार, तहसीलदारांपुढं कागद तेच ठेवणार. त्यामुळं गावात कुणाला सवाष्ण जेवू घालायची असली की पहिलं बोलावणं मला. श्रावणात एका दिवसात दोन-दोन घरी पुरणपोळी. नको म्हटलं तर यजमानणीचं मन मोडेल, म्हणून आणखी एक. खरं सांगू? मला तो मान फार आवडायचा.

चतुर्थीला तू लिंबागणेशच्या गणपतीला अनवाणी जायचीस, मी बैलगाडीत. एकदा गाडीशेजारी चालता चालता तू म्हणालीस, "धाकटे, उतर की जरा. बैलांनाच का म्हणून चालवतीस?"

मी चारचौघींत म्हणाले, "तुमच्या ताटात पोळी न्हाई, म्हणून जळताव तुमी."

तू झपाझप गाडीच्या पुढं निघून गेलीस. का पुढं गेलीस? एक थोबाडीत द्यायची होतीस!

आता जळतंय कोण, बघ. साठी उलटली तरी तू सुईत दोरा ओवायचीस. गेलीस तीही ज्वारी पाखडता पाखडता, एक दिवस अंथरूण न धरता. मी तुझ्याहून दहा वर्षांनी लहान, आणि मला न्हाणीपर्यंत जायला सुनेचा हात लागतो. हा कुठला न्याय?

न्याय कसला म्हणा! ते पथ्य तू कुठं मागून घेतलं होतंस? सणाला तुझ्या भाकरीवर तूप पडू नये म्हणून तुपाचं भांडं मीच उचलून ठेवायची. एवढं करून वर तुझाच हेवा करते, अशी मी.

पाय राहील का, हे हकीमसाहेब सांगत नाहीत. शुक्रवारी पाटलांकडं सवाष्ण म्हणून बोलावणं आहे. तुला वचन देते, जाईन, ओटी घेईन, पण पोळीला हात लावणार नाही. गाव काय म्हणायचं ते म्हणो.

तिथं तुला कुणी पंगतीत बसवत असेल, तर पोळी खा, तुपात बुडवून खा. मला हेवा वाटेल, खोटं कशाला बोलू? पण आज तू इथं असतीस, तर तुझ्या पानात तूप मीच वाढलं असतं.

तुझी भांडकुदळ धाकटी,
गोदा